घराचे चौरस फूट सगळे विचारतात, खिडकीसमोरचे अंतर कोण विचारणार?

मुंबईतल्या आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये सध्या एकच विषय आहे, पुनर्विकास. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) मिळून सोळा हजारांहून अधिक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रकल्प राबवत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचे काम सुरू आहे. बिल्डरचा माणूस, कमिटी, परिशिष्ट-२, पात्र-अपात्र हे शब्द आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहेत.

वस्तीत बैठक बसली की प्रश्न ठरलेले असतात. घर किती फुटांचे? भाडे किती महिन्यांचे आगाऊ? कितव्या मजल्यावर? हे प्रश्न योग्यच आहेत. पण गेली काही वर्षे पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये काम करताना मला वाटू लागले आहे की सर्वात महत्त्वाचा प्रश्न बैठकीत कोणी विचारतच नाही. तो असा: माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत किती अंतरावर असेल?

शहरे शाश्वत आणि राहण्याजोगी करण्याच्या धोरणावर सध्या पुष्कळ बोलले जाते. मेट्रो, इलेक्ट्रिक बस, झाडे, वातावरण कृती आराखडा. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये असा कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. चांगलेच आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांचे पुढचे घर कसे बांधले जाणार, हेच या शहराचे सर्वात मोठे पर्यावरण धोरण आहे. ते पर्यावरण विभागाच्या फायलीत सापडत नाही, विकास नियंत्रण नियमावलीच्या एका कलमात सापडते. ते कलम म्हणजे ३३(१०). ते समजून घेण्याआधी थोडे मागे जाऊ.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरण्या आणि बंदराच्या आसपासच्या दाट वस्त्यांत माणसे पटापट मेली, लाखो लोक शहर सोडून गावी पळाले. सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन केली. अंधाऱ्या, कोंदट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवेशीर घरे बांधायची, असे तिचे काम. प्रत्यक्षात ट्रस्टने घरे पाडली जास्त आणि बांधली कमी. बेघर झालेले गरीब शेजारच्या वस्तीत जाऊन कोंबले गेले आणि तिथली दाटी वाढली. त्यामुळे ट्रस्टचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र ट्रस्टने एक मोजमाप मागे ठेवले, ते आज आपल्या कामाचे आहे.

ते मोजमाप म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर एक रेषा काढायची. त्या रेषेच्या आड समोरची इमारत येता कामा नये. म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही थोडेसे आकाश दिसले पाहिजे. गणित सोपे आहे. या कोनात उंची अंतराच्या दुप्पट येते. इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे अंतर समोर मोकळे हवे. चोवीस मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण आठ मजली दोन इमारतींमध्ये बारा मीटर.

याच ट्रस्टने परळला बांधलेल्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. ती चाळ काही ऐसपैस नव्हती. संडास सामाईक, खोल्या लहान, माणसे जास्त. पण गरिबाच्या खोलीत हवा आणि उजेड किती यावा हे सरकारने मोजायला हवे, एवढे तरी प्लेगच्या भीतीने का होईना, त्या काळी मान्य झाले होते. बीडीडी चाळी त्यानंतर १९२० च्या दशकात आल्या. १६० चौरस फुटांची खोली, मधोमध अंधारा पॅसेज, दगडासारख्या काँक्रीटच्या भिंती. राहायला आत जाचच होता. बाहेर मात्र तीन मजल्यांवर न गेलेल्या त्या इमारतींच्या मध्ये जागा होती. जांबोरी मैदान तिथलेच. १४ एप्रिलच्या मिरवणुका, सभा, कबड्डी, उन्हाळ्यात बाहेर झोपणे हे सगळे त्या जागेने दिले. बीडीडीची आठवण काढणारी माणसे खोलीबद्दल कमी आणि त्या जागेबद्दल जास्त बोलतात, हे लक्षात घ्यायला हवे.

आता १९९५ कडे येऊ. युती सरकारने मुंबईतल्या चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली. अफजुलपुरकर समितीने योजनेचा आराखडा दिला आणि एसआरएची स्थापना झाली. योजनेचे तत्त्व असे की सरकारने पैसा घालायचा नाही, बिल्डरने घालायचा. झोपडीवासीयांना मोफत घर बांधून द्यायचे, त्या बदल्यात त्याच भूखंडावर बाजारभावाने विकायला जास्तीचे बांधकाम करायचे. त्यासाठी वाढीव एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती मजले-मजले बांधकाम करता येईल त्याची जादा परवानगी.

या रचनेत बिल्डरचा हिशेब काय असतो ते पाहा. भूखंड ठरलेला आहे. त्यावर दोन प्रकारच्या इमारती उभ्या राहणार. एक, ज्यातून पैसे मिळत नाहीत (पुनर्वसनाची इमारत). दुसरी, ज्यातून मिळतात (विक्रीची इमारत). साहजिकच पहिली जितक्या कमी जमिनीत बसेल तितकी दुसरीसाठी जमीन मोकळी. एकाच भूखंडावर कोपऱ्यात एकमेकींना खेटून उभ्या पिवळट इमारती आणि रस्त्याकडेला बाग, पोडियम, जलतरण तलाव असलेला काचेचा टॉवर, हे दृश्य मुंबईत ठिकठिकाणी दिसते. त्यामागे कोणा एका बिल्डरचा दुष्टपणा शोधू नये. योजनेच्या गणितातूनच ते निघते.

हे गणित बसावे म्हणून नियमांत सवलती दिल्या गेल्या. साध्या इमारतींना जेवढी मोकळी जागा सोडावी लागते, तेवढी पुनर्वसनाच्या इमारतींना सोडावी लागत नाही. १९९० च्या दशकातल्या नियमांत पुनर्वसनाच्या दोन इमारतींमधले अंतर फक्त तीन मीटर चालत होते. तीन मीटर म्हणजे दहा फूट. एका बाजूच्या खिडकीतून वाळत घातलेली साडी समोरच्या खिडकीतून हाताने ओढता येईल. नंतर नियम बदलले, उंच इमारतींना अग्निशमनासाठी थोडी जास्त जागा सोडावी लागू लागली. पण गरिबांच्या इमारतीला वेगळे, कमी माप लावायचे हे तत्त्व टिकून राहिले.

तीन मीटरला तो जुना नियम लावून पाहू. अंतर तीन मीटर, म्हणजे समोरच्या भिंतीची सहा मीटर उंची चालेल. आठ मजली इमारतीत फक्त वरच्या दोन मजल्यांना हे जमते. खालच्या सहा मजल्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या, परकीय सरकारच्या, प्लेगच्या काळातल्या मापानेसुद्धा पुरेसा उजेड मिळत नाही.

आणखी एक गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते. जगभर नगररचनाकार दाटीवर कमाल मर्यादा घालतात. आपल्याकडे ३३(१०) मध्ये किमान मर्यादा आहे. पूर्वी निव्वळ हेक्टरमागे किमान ५०० पुनर्वसन घरे, आता ६५०. त्या जागेवर तितके झोपडीवासी नसतील तर जास्तीची घरे बांधून प्रकल्पबाधितांसाठी सरकारला द्यायची. एका घरात पाच माणसे धरा. हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, सव्वातीन हजार माणसे. माणशी तीन चौरस मीटर जमीन. एका डबल बेडएवढ्या जागेत त्या माणसाच्या वाट्याची इमारत, जिना, रस्ता, गटार, शाळा, झाड आणि मैदान. ही किमान मर्यादा, बरे का.

नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, शिरीष पटेल, हे अनेक वर्षे लिहीत होते की मुंबईत एफएसआयवर वाद घालण्यापेक्षा जमिनीवर किती माणसे येणार ते मोजा. टॉवर उंच केल्याने रस्ता रुंद होत नाही, शाळेचे वर्ग वाढत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या मापाने पाहिले तर आपल्या नव्या वसाहती हे शहरातले सर्वात गर्दीचे तुकडे ठरतात. त्यातल्या अनेक जुन्या झोपडपट्टीइतक्याच दाट, फक्त उभ्या.

या दाटीचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहायचे तर मानखुर्द-गोवंडीला जावे लागते. रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पांसाठी रुळांकडेच्या, पुलांखालच्या, रस्त्यांलगतच्या हजारो कुटुंबांना तिथे हलवले गेले. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. एम-पूर्व हा तो वॉर्ड. तिथेच १९२७ पासूनचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व वॉर्डांत सर्वात खाली असलेला वॉर्ड हाच.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. लल्लूभाई आणि नटवर पारेख या दाटीच्या वसाहती आणि त्यांच्याच परिसरातली, इमारतींमध्ये जास्त अंतर असलेली पीएमजी कॉलनी. प्रत्येक घरात उजेड किती येतो, हवा किती खेळते आणि क्षयरोगाचे रुग्ण कुठे आहेत हे ताडून पाहिले. निष्कर्ष सरळ होता. जिथे इमारती खेटून आहेत तिथे क्षयरोग जास्त, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. अंतर असलेल्या वसाहतीत कमी. उत्पन्न, वॉर्ड, पाणी, डम्पिंगचा धूर यांत तिन्ही वसाहतींमध्ये फार फरक नाही. फरक आहे तो नकाशात.

यात वैद्यकीयदृष्ट्या नवल नाही. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, सूर्यप्रकाश त्यांना मारतो. दोन्ही नसेल तर घरातला एक रुग्ण सगळ्या घराला धोक्यात घालतो. औषध सरकार मोफत देते. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसेही मिळतात. पण ज्या खोलीत आजार लागला त्याच खोलीत परत जाऊन झोपायचे असेल तर उपचार आणि घर एकमेकांविरुद्ध काम करत राहतात.

एका वसाहतीत (नाव सांगत नाही, कुठलीही धरा) तळमजल्यावरच्या घरी दुपारी बारा वाजता गेले तरी ट्यूबलाइट लावलेली असते. खिडकी आहे, पण ती बंद आणि वर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. का, तर मधल्या अरुंद बोळात वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, पाइप गळतात, उंदीर येतात. अशा बोळात सफाई कामगाराला झाडू फिरवायलाही जागा नसते. तिथल्या एका ताईंनी मला विचारले, ‘मॅडम, आमच्या झोपडीला पत्रा होता, उन्हाळ्यात भाजायचे, पण दार उघडले की रस्ता होता. इथे दार उघडले की काय आहे?’ बाहेर पॅसेज होता, दुपारी अंधारा.

याचा खर्चही कोणी मोजत नाही. दिवसभर दिवा, दिवसभर पंखा, उकाड्यात कूलर, आणि वर लिफ्टचे व पाण्याच्या पंपाचे बिल. ज्या इमारतीत भर दुपारी वीज जाळावी लागते ती इमारत कुठल्याच अर्थाने पर्यावरणपूरक नाही, मग गच्चीवर सौर पॅनेल बसवा की न बसवा. लिफ्टची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आजवर उभ्या राहिलेल्या बहुतेक इमारतींत बिल्डरने प्रत्येक घरामागे फार तर ४०,००० रुपये देखभालीसाठी ठेव म्हणून जमा करायचे असत. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला २,८०० रुपये, महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे. एवढ्यात लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी, आग विझवण्याची यंत्रणा यांतले काय काय चालणार? लिफ्ट बंद पडते आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आई-वडिलांचे खाली येणे थांबते. विहारात येणे थांबते, दवाखाना लांबतो. बीडीडीच्या नव्या टॉवरमध्ये चाळीस मजले आहेत. तिथे हा प्रश्न किती मोठा होईल याचा हिशेब आताच मांडायला हवा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. ‘झोपडीत तरी कुठे उजेड होता? निदान घरात संडास आला, पक्के छप्पर आले, नावावर घर झाले.’ घरातला संडास ही बाईच्या आयुष्यात किती मोठी गोष्ट आहे हे मी घरोघरी पाहिले आहे. अंधार पडायची वाट पाहणे संपते, पाणी कमी पिणे संपते. त्यामुळे पुनर्वसन नको असे म्हणणारा माणूस वस्तीत राहत नसतो. दुसरा आक्षेप बिल्डर आणि अधिकारी घेतात: अंतर वाढवले तर प्रकल्प परवडणार नाही. खरे म्हणजे परवडणार नाही याचा अर्थ एवढाच की विक्रीच्या इमारतीसाठी जमीन कमी उरेल. तो नफ्याच्या वाटपाचा प्रश्न आहे. बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फूट मिळाले आणि एसआरएच्या रहिवाशाला ३००. दोन्हीकडे जमीन मुंबईचीच, योजना सरकारचीच. मग माप ताकदीप्रमाणे ठरते, संघटनेप्रमाणे ठरते, हे उघड आहे. जे चौरस फुटांच्या बाबतीत झाले ते अंतराच्या बाबतीत का होऊ नये?

कायद्याचा आधारही आहे. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला. तो निकाल आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा खटला कमी लोकांना माहीत असतो. अनुसूचित जातींच्या लोकांना घरे देण्यासाठी जमीन संपादित केली, म्हणून जमीनमालक न्यायालयात गेले होते. त्यांची बाजू फेटाळताना न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ उलगडला. डोक्यावर छप्पर एवढाच तो अर्थ नाही, त्यात पुरेशी जागा, पुरेसा उजेड, शुद्ध हवा आणि पाणी, स्वच्छ परिसर, स्वच्छतेच्या सोयी हे सर्व येते, असे सांगितले. दलितांच्या घरांवरून झालेल्या खटल्यातच हे शब्द आले आहेत. एसआरएसमोर, न्यायालयासमोर जाताना त्यांचा उपयोग करता येतो.

मग वस्तीने काय करायचे? योजनेला आता ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे निम्म्यांनी सही केली की उरलेल्यांचे फारसे चालत नाही. म्हणून जे विचारायचे ते सहीच्या आधी. संमतीपत्रासोबत ले-आउटचा नकाशा मागा, फक्त रंगीत चित्र नको. नकाशावर पुनर्वसनाच्या दोन इमारतींमधले अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. ते इमारतीच्या उंचीशी ताडून पाहा. निम्म्यापेक्षा किती कमी आहे ते फळ्यावर लिहून वस्तीला दाखवा. आपल्या वस्तीत सिव्हिल डिप्लोमा झालेली मुले आहेत, आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुली आहेत. हे काम त्यांना एका संध्याकाळचे आहे. विक्रीच्या इमारतीला किती मोकळी जागा ठेवली आहे तेही त्याच नकाशावर दिसते. शेजारी शेजारी मांडले की भाषण द्यावे लागत नाही.

नकाशा कोणी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशा आणि आशयपत्र (एलओआय) मागता येते. बालवाडी, समाजकल्याण केंद्र, सोसायटी कार्यालय या जागा दर शंभर घरांमागे ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला ठेवल्या आहेत ते पाहा. बहुतेकदा त्या सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात टाकलेल्या असतात. अभ्यासिका चालवायची असेल तर आपल्याला नेमका उजेडाचा कोपरा हवा. मंजुरीनंतर तक्रार असेल तर शिखर तक्रार निवारण समिती आहे, पण तिथवर जाईपर्यंत पाया भरलेला असतो.

हे झाले एका इमारतीपुरते. नियमच बदलायचा असेल तर वाट वेगळी आहे. विकास नियंत्रण नियमावलीत बदल करायचा झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात द्यावी लागते. हरकती आणि सूचनांसाठी एक महिना मिळतो. हरकत कोणीही नोंदवू शकते, त्यासाठी वकील लागत नाही. बिल्डरांच्या संघटना दर वेळी नोंदवतात, मुद्देसूद आणि वेळेत. विहार समित्या, महिला मंडळे, बचत गट यांच्या लेटरहेडवरची हरकत मी अजून तरी पाहिलेली नाही. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये उंचीच्या निम्मे अंतर असावे, हेक्टरमागे घरांची कमाल मर्यादा ठरवावी, मंजुरीपूर्वी तळमजल्याच्या घरात दिवसा किती तास उजेड येतो याचा दाखला आर्किटेक्टने द्यावा. खाली सह्या आणि तारीख. पोचपावती घ्यायला विसरू नये.